प्रार्थनेत मध्ये बोलायचं नसतं

हार्लन फोर्क, नेब्रास्का
रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय जनेल,

अक्षर ओळखलंस ना? तुझ्या बापाचंच आहे. पाकीट न फोडता टाकून देऊ नकोस, निदान वर तिकीट तुझ्या आईनं चिकटवलंय त्याची तरी लाज राख.

चाळीस वर्षं लिलाव पुकारून मला एक कळलंय, की आधी किंमत सांगावी आणि मालाचे गुण मग गावेत. तेव्हा मुद्दा आधी. २७ नोव्हेंबरला थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला तू आणि ब्रिन, दोघी मायलेकींनी घरी यायचं. तीन वर्षं झाली. आता पुरे.

फोन का केला नाही असं म्हणशील. फोनवर आपण चौथ्या वाक्याला भांडायला लागतो. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही आणि मला आवाज चढवता येत नाही, म्हणून हा मार्ग बरा.

इकडे सगळं ठीक. मक्याचा भाव पडलाय, खताचा चढलाय, आणि अंड्यांच्या भावाचं तर तू विचारूच नकोस, आईनं तीन कोंबड्या आणून ठेवल्यात आणि त्या अजून विचार करतायत. काउंटीनं घरपट्टी पुन्हा वाढवली. शाळेसाठी म्हणे. शाळेत मुलं माझ्या वेळच्या निम्मी आणि कचेरीत खुर्च्या दुप्पट. उन्हाळ्यात सभा झाली तेव्हा मी उभा राहून चार शब्द सुनावले. हे वाचताना तुझे डोळे वर गेले असणार, मला इथे बसून दिसतायत. पण घर चालवताना मिळकतीपेक्षा खर्च जास्त केला तर काय होतं ते ज्याला कळतं, त्याला देशाचंही कळतं. मला त्यात अवघड काही दिसत नाही.

तरी मी रडगाणं गाणाऱ्यांतला नाही. छप्पर आहे, बायको आहे, टर्की परवडतेय. तब्येत ठणठणीत. गावातल्या बायकांनी यंदा काय मनात धरलंय कोण जाणे, रोज कोणीतरी कॅसरोलचं, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचं, भांडं घेऊन दारात उभी असते. फ्रीजरचं झाकण बसत नाही. लोकांना स्वयंपाकाची हौस, दुसरं काय.

जेवताना राजकारण निघणार नाही. कर्टकाकालाही बजावलंय, अर्थात त्याचं कानातलं यंत्र चालू होतं की नाही ते मला माहीत नाही. मी स्वतः टेबलावर एक शब्दही बोलणार नाही, हे लिहून देतो.

तुझ्याकडून एवढीच अपेक्षा. त्या वर्षी प्रार्थना चालू असताना तू हात सोडवून उठलीस आणि निघून गेलीस. माझ्या आजोबांपासून आमच्या टेबलावर असं कोणी केलेलं नाही. त्याबद्दल आईजवळ दोन शब्द बोल. माझ्याजवळ नको, मी काही मनात ठेवत नाही.

तुझा,
डॅड


गुरुवार, २३ ऑक्टोबर

प्रिय जनेल,

पोस्टकार्ड पाठवलंस! पाकिटाला काय महागाई आली होती? पोस्टातल्या बाईनं ते नीट वाचून मगच आमच्या पेटीत टाकलं, आणि दुपारी आई औषधाच्या दुकानात गेली तर तिथल्या पोरीनं विचारलं, “मग पाठवणार का लेलंड लिहून?”

“प्रार्थनेत तुम्ही काय म्हणाला होतात ते शब्दशः लिहून पाठवा. मग बघते.” कार्डावर एवढंच. ना आईची चौकशी, ना खाली प्रेम. वकिलाची नोटीस याहून मायाळू असते.

ठीक आहे. माझ्याजवळ लपवण्यासारखं काही नाही. मी काय म्हणालो? सगळे घरातले कर्ते पुरुष म्हणतात तेच. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले, माना खाली घातल्या, आणि मी देवाचे आभार मानले. या टेबलावर जे आहे ते कष्टानं मिळवलेलं आहे त्याबद्दल. या घरात आजवर कोणी दुसऱ्याच्या खिशातून खाल्लं नाही त्याबद्दल. आणि ज्यांना सरकारच्या ताटात जेवायची सवय लागली आहे त्यांना काम मिळो, असंही म्हणालो. यात चुकीचं काय आहे? निवडणुकीचे दिवस होते, टीव्हीवर तेच चाललं होतं, सगळ्या देशात लोक तेच बोलत होते.

मला जे वाटतं ते मी पुन्हा एकदा शांतपणे मांडतो. आभार मानणं ही या देशाची सगळ्यांत जुनी सवय आहे, आणि ती सुटत चाललीय. का सुटतेय? कारण हक्क म्हणून हातात पडलेल्या वस्तूचे कोणी आभार मानत नाही. सरकारकडून आलेल्या कागदाला तू कधी ‘थँक यू’ म्हटलंयस? माणूस रांगेत उभा राहतो, आपला नंबर येतो, वस्तू घेतो, आणि कमी पडली म्हणून कुरकुरत घरी जातो. शेजाऱ्यानं दिलं तर मात्र त्याच्या डोळ्यात बघावं लागतं. म्हणून माणसानं माणसाला द्यावं, सरकारनं मध्ये पडू नये, असं मी म्हणतो. हे मी उद्याही म्हणेन. बापाला मत असू नये असा कायदा तुमच्या डेनव्हरमध्ये झाला असेल तर कळव.

तुझी पुस्तकांची नोकरी गेली तेव्हा वाईट मलाही वाटलं होतं. शाळेनं ग्रंथपालच काढून टाकायची, ही काय काटकसर? काटकसर करायची तर वरच्या खुर्च्यांपासून करावी. म्हणजे बघ, आपलं जुळतं कुठे कुठे.

हे पत्र लिहायला उशीर झाला, कारण मागचा दीड महिना ओमाहाला येणंजाणं चाललं होतं. कामं होती. आता संपली.

तर मी शब्दशः लिहिलंय. तुझी पाळी.

डॅड


सोमवार, ३ नोव्हेंबर

प्रिय जनेल,

आईनं तुला सांगितलं. मी तिला सांगू नकोस म्हणून तीनदा लिहून दाखवलं होतं, तरी सांगितलं. त्रेपन्न वर्षांच्या संसारात तिनं माझं एकही गुपित ठेवलेलं नाही, आणि मी तिला नवीन गुपितं देणं थांबवलेलं नाही, तेव्हा दोष निम्मा माझा.

होय. गळ्यात, आवाज निघतो त्या जागी, गाठ होती. ऑगस्टमध्ये कळलं. मग ओमाहाच्या इस्पितळात किरणांचे तेहतीस दिवस. रोज एक तास चाळीस मिनिटं जायला, तेवढीच यायला, आणि तिथे टेबलावर पडून राहायचं बारा मिनिटं. गाठ गेली असं म्हणतात. डॉक्टर पोरगेलासा आहे, पण त्याची नजर स्थिर आहे, म्हणून मी विश्वास ठेवतो. आवाजही गेलाय. डिसेंबरपर्यंत बोलायचं नाही. कुजबुजायचंही नाही, कुजबुज म्हणे बोलण्यापेक्षा वाईट. मग किती परत येईल ते तो सांगत नाही. मी पाटी वापरतो, ब्रिनची लहानपणीची, खडूसकट माळ्यावर होती.

म्हणून फोन केला नाही. कागदाबद्दल जे मोठेपणानं लिहिलं होतं ते खरं नव्हतं.

तू फोनवर आईजवळ रडलीस असं ती म्हणाली. रडू नकोस. मला काही होत नाही. तू फक्त गळ्याची दया येऊन येणार असशील तर येऊ नकोस, हेही सांगून ठेवतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर वेगळं आणि हे वेगळं.

उलट हसण्यासारखं एक सांगतो. आईला महामार्गावर गाडी चालवायची भीती वाटते हे तुला माहीत आहे. चर्चमध्ये फळ्यावर एक कागद लागला: लेलंडला ओमाहाला कोण नेणार, दिवस आणि नाव लिहा. तेहतीस दिवस दोन रविवारांत भरले. त्यातले अकरा कोणाचे असावेत? रोझलिंड पावलिकचे. तुझी पाचवीची बाई. समोरच्या पक्षाचे आपल्या गावात एकूण नऊ मतदार आहेत आणि ही त्यांची अध्यक्ष. घरपट्टीच्या सभेत माझ्या विरुद्ध बोलायला उभी राहिलेली एकटी तीच. ती आमच्या चर्चची नाहीसुद्धा, कागद बघायला मुद्दाम आत आली होती.

पहिल्या दिवशी गाडीत बसलो तर म्हणाली, “रेडिओ लावू का लेलंड?”

ती तिच्या पक्षाचंच स्टेशन लावणार ते मला माहीत होतं. मी मान हलवली, नको म्हणून.

“मान हलली म्हणजे हो,” ती म्हणाली, आणि लावला.

एक तास चाळीस मिनिटं जाताना आणि तेवढंच येताना ती माणसं बोलत होती, आणि मी पाटी मांडीवर घेऊन बसलेलो. दर दोन मिनिटांनी खडू उचलायचो. ती बघायचीच नाही. “मी गाडी चालवतेय, मला वाचता येत नाही,” म्हणायची. एकदा तर मी पाटी तिच्या तोंडासमोर धरली. तेव्हा म्हणाली, “अरे, दोघंही मरू आणि पेपरात येईल, त्या दोघांचं शेवटी एकमत झालं होतं!”

मी हसलो. आवाज न करता हसायला किती दुखतं ते तुला सांगून कळणार नाही.

चौथ्या-पाचव्या खेपेला ती म्हणाली, “आयुष्यात पहिल्यांदा बातमी शेवटपर्यंत ऐकतोयस तू. एरवी पहिल्या वाक्याला तोंड उघडतोस, पुढचं ऐकतोस कधी?”

माझी मतं आहे तिथेच आहेत. त्या रेडिओवरच्या लोकांना हिशेब येत नाही, हे मी आता पुराव्यानिशी सांगू शकतो. पण शेवटच्या दिवशी घराशी गाडी थांबली तेव्हा मी पाटीवर लिहिलं, पेट्रोलचे किती झाले?

तिनं वाचलं. चष्मा काढला. “पूस ते,” म्हणाली. “तू मला भाड्यानं बोलावलं नव्हतंस.”

मी लिहिलं, मग का आलीस?

“गावात भांडायला मजा येईल असा एकच माणूस उरलाय,” ती म्हणाली. “तू मेलास तर मी सभेत कुणासाठी जाऊ? आता आभार मान आणि गप्प बस. गप्प बसायला तर तुला डॉक्टरनंच सांगितलंय.”

मग गाडीचं दार माझ्यासाठी उघडायला ती स्वतः उतरली, आणि विचारलं, “जनेलला कळवलंस?”

मी पाटी पुसायचं नाटक केलं.

डॅड


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

जनेल,

तुझं दुसरं कार्ड आलं. “गळ्याबद्दल वाईट वाटलं. प्रार्थना पूर्ण लिहिलेली नाही. मला पाठ आहे, तुम्हालाही असणार.” पोस्टातल्या बाईनं या खेपेला माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कार्ड हातात दिलं आणि आत गेली.

पाठ आहे. लिहितो.

“प्रभू, या टेबलावर जे आहे ते कष्टानं मिळवलेलं आहे, त्याबद्दल तुझे आभार. या घरात आजवर कोणी दुसऱ्याच्या खिशातून खाल्लं नाही, त्याबद्दल आभार. ज्यांना सरकारच्या ताटात जेवायची सवय लागली आहे, ते कितीही जवळचे असोत, त्यांना लाज दे आणि काम दे.”

‘ते कितीही जवळचे असोत’ हे मी गाळलं होतं. ‘लाज’ही गाळली होती. इथे तू उठलीस, तेव्हा आमेन म्हणायचं राहिलं.

आदल्या संध्याकाळी आईनं मला सांगितलं होतं, की नोकरी गेल्यापासून सात महिने तू राज्याच्या धान्यकार्डावर घर चालवतेयस. तू तिला विश्वासानं सांगितलं होतंस. तिच्यावर रागावू नकोस. मी काही मदत करावी म्हणून तिनं सांगितलं. मी चेकबुक काढीन असं तिला वाटलं, आणि मी प्रार्थना काढली.

प्रार्थनेत मध्ये बोलायचं नसतं, हे तुला चालायच्याही आधी मी शिकवलं होतं. म्हणून तिथेच बोललो. जेवताना बोललो असतो तर तू उत्तर दिलं असतंस, आणि तुझ्या उत्तरांना मी तुझ्या लहानपणापासून पुरा पडलेलो नाही. डोळे मिटलेल्या, हात धरलेल्या माणसाला मी गाठलं. लिलावात असं कोणी केलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

आणखी एक आहे. हे तुला माहीत नाही आणि आईलाही नाही.

ब्रिननं प्रार्थनेच्या आधीच टोपलीतला एक पाव उचलून त्याला लोणी लावलं होतं. भूक लागली होती पोरीला, तुम्ही सहा तास गाडीत होतात. तू उठलीस तेव्हा सगळे तुझ्याकडे बघत होते. मी ब्रिनकडे बघत होतो. तिनं तो लोणी लावलेला पाव परत टोपलीत ठेवला, हळूच, कोणाला दिसू नये असा, आणि तुझ्या मागे निघाली. अकरा वर्षांची होती. मी काय म्हणालो ते तिला नीट कळलं होतं.

तीन वर्षं मी तुझ्या उठून जाण्यावर बोलतोय, ते या पावावर बोलावं लागू नये म्हणून.

आता तो कॅसरोलचा विषय. सप्टेंबरपासून सत्तावीस भांडी आमच्या घरी आली. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं, म्हणजे भांडं परत जावं. मी ती धुतो, पुसतो आणि नाव वाचून ओट्यावर मांडतो, मला सध्या तेवढंच काम आहे. आयुष्यभर मी वस्तूकडे बघून किंमत सांगत आलो. ही सत्तावीस भांडी बघून मला एकाचीही सांगता आली नाही. ते अन्न मी कमावलेलं नव्हतं. ज्यांनी आणलं त्यांतल्या चौघांच्या नातलगांच्या जमिनी मी पडत्या भावात विकल्यात, आणि त्यांना वरून कष्टाचे गुण सांगितलेत. आणि दारात उभं राहून मला ‘थँक यू’ म्हणायलाही आवाज नव्हता. मी नुसता भांडं धरून मान हलवायचो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीचे आभार मानत आलो. मागे तुला लिहिलं की हक्कानं मिळालेल्याचे आभार कोणी मानत नाही. बरोबरच आहे ते. पण मग कमावलेल्याचे तरी कोण मानतो? मजुरी मिळाली की माणूस सही करून घरी जातो. मी जर सगळं स्वतः कमावलं असेल, तर त्या दिवशी मी देवाचे नेमके कशाबद्दल आभार मानत होतो? मी त्याला माझी मजुरी मोजून दाखवत होतो.

माझं मत बदललेलं नाही, उगाच आशा धरू नकोस. अडलेल्या माणसाला आधी घरानं धरावं, मग शेजारानं, मग चर्चनं, आणि यातलं कोणीच नसेल तेव्हा सरकारनं. मला हे उद्या कोणीही विचारलं तरी मी हेच सांगेन. पण मग तुझ्या बाबतीत पहिला नंबर कुणाचा होता? माझा. मी जागेवर नव्हतो. तिकडे तुझ्या इमारतीत शेजारी एकमेकांचं नावही विचारत नाहीत. तेव्हा माझं राहिलेलं काम सरकारनं केलं, आणि मी त्यालाच शिव्या घातल्या, देवासमोर, तुझा हात धरून.

आईशी दोन शब्द बोल असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते मी परत घेतो. यायला कसलीही अट नाही. नाही आलीस तरी मी समजेन, पण मला फार वाईट वाटेल. तेवढं तुला माहीत असावं.

डॅड


बुधवार, १९ नोव्हेंबर

जनेल, सत्तावीसच्या गुरुवारसाठी बर्फ सांगितलाय, पण संध्याकाळी. सकाळी लवकर निघालात तर रस्ता कोरडा मिळेल. नॉर्थ प्लॅटला पेट्रोल भरून घे, पुढे महाग आहे. रोझलिंडला जेवायला बोलावलंय, ती कोलाचे आणणार, ते मध्ये फळांचा मुरंबा भरलेले गोड पाव. तुझं काही कळवलंस तर आई टर्की किती किलोची ते ठरवेल. तिनं मोठीच आणलीय म्हणा.

ड.


शुक्रवार, २८ नोव्हेंबर
सकाळ

प्रिय जनेल,

हे पत्र पोस्टात जाणार नाही. तू वर झोपलीयस, ब्रिन तुझ्या जुन्या खोलीत, आणि आई कोंबड्यांकडे गेलीय. मी स्वयंपाकघरात बसून लिहितोय, कारण काल जे झालं ते माझ्या हातून कागदावर उतरावं असं वाटतं.

काल अकरा वाजता तुझी गाडी आत वळली तेव्हा मी खिडकीत होतो. बाहेर आलो नाही. तू आत आलीस, म्हणालीस, “डॅड, तुम्ही केवढे वाळलात हो!” आणि कोट न काढता सरळ ओव्हनमध्ये डोकावलीस. ब्रिन माझ्याएवढी उंच झालीय. तिनं माझ्याशी हात मिळवला, मोठ्या माणसासारखा. मला ते सोसलं नाही, पण बरोबरच होतं.

जेवायच्या वेळी सगळे बसले. हात धरले. तू माझ्या उजवीकडे. मी पाटीवर आधीच लिहून ठेवलं होतं: आज प्रार्थना जनेल म्हणेल, तिला वाटेल ती, कितीही लांब, मला मध्ये बोलता येत नाही. रोझलिंड ते वाचून हसली. तू हसली नाहीस.

“मी नाही,” म्हणालीस. “या टेबलावर प्रार्थना डॅडच म्हणतात.”

“अगं, त्याला बोलायचं नाहीय,” आई म्हणाली.

“माझ्या कानात बोलतील. मी म्हणेन त्यांच्यामागून.” आणि तू खुर्ची ओढून तुझा कान माझ्या तोंडाशी आणलास.

डॉक्टरनं बजावलं होतं ते मला आठवत होतं. तरी मी कुजबुजलो. गळ्यातून नुसती हवा निघत होती. पहिलं वाक्य, ‘प्रभू, जे मिळालं ते आम्ही कमावलेलं नव्हतं.’ तू ते मोठ्यानं म्हणालीस. दुसरं, ‘ज्यांनी मला गाडीत बसवून नेलं आणि ज्यांनी दारात अन्न आणून ठेवलं, त्यांचे आभार.’ तेही म्हणालीस. रोझलिंडचा रुमाल निघाला.

मग मी तिसरं म्हणालो. ‘माझी लेक अडचणीत होती तेव्हा ज्यांनी तिला आणि ब्रिनला जेवू घातलं, त्यांचे आभार. ते काम माझं होतं.’

हे तू मोठ्यानं म्हणाली नाहीस. तुझा कान तिथेच होता, आणि तुझा हात माझ्या हातात होता, तू सोडवला नाहीस. कर्टनं कानातल्या यंत्राशी खटपट केली आणि ओरडून विचारलं, “काय म्हणाला तो? इकडे काही आलं नाही.”

“ते माझ्यासाठी होतं, काका,” तू म्हणालीस. “आमेन.”

आमेन सगळ्यांत मोठ्यानं ब्रिन म्हणाली. मग तुझी आई म्हणाली, बटाटे गार होतायत, आणि सगळे एकदम जेवायला लागले. दुपारभर तू आणि रोझलिंड दोघींनी मिळून घरपट्टीवर मला धुऊन काढलंत, आणि मी पाटी भरभरून उत्तरं दिली. माझं म्हणणं अजूनही तेच आहे. एवढी चविष्ट टर्की मी तीन वर्षांत खाल्ली नव्हती.

आता एक राहिलंय. काल मी आभार मानले, माफी मागितली नाही. चौदा तारखेच्या पत्रात सगळं लिहिलं आणि तो शब्द तेवढा टाळला. या पत्रातही तो लिहिणार नाही. आभार दुसऱ्याच्या तोंडून पोचतात, कागदावरूनही पोचतात, पण हे मला स्वतः म्हणायचंय, तुझ्याकडे बघून, ब्रिनच्या देखत, जेवढा आवाज उरलाय तेवढ्यानं. डॉक्टरला काय वाटायचं ते वाटो.

जिन्यावर पाय वाजतायत. दोघींचे आहेत. मी उठतो.